रबरातून विषाणू जातो का?

‘विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही म्हणतात. मग एवढी बारीक गोष्ट कंडोमच्या रबरातून आरपार जात नसेल कशावरून?’ एका वाचकाने पत्रातून हा प्रश्न विचारला आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेत ज्या पद्धतीने शोधलं गेलं, ती मुळातून जाणून घेण्यासारखी आहे.

ही शंका बड्याबड्यांनीही बोलून दाखवली आहे. 2003 साली व्हॅटिकनमधले एक ज्येष्ठ कार्डिनल, आल्फोन्सो लोपेझ त्रुहियो यांनी बीबीसीच्या कार्यक्रमात सांगितलं की, एचआयव्ही रबरातून सहज पार होतो. जागतिक आरोग्य संघटनेने हे विधान चुकीचं आणि धोकादायक असल्याचं जाहीरपणे सांगितलं. पण अफवा काही थांबली नाही.

आधी मापं बघू. एचआयव्हीचा व्यास सुमारे 120 नॅनोमीटर. कंडोमचं लॅटेक्स साधारण 0.07 मिलिमीटर, म्हणजे 70 हजार नॅनोमीटर जाड. अर्थात नुसत्या जाडीने काही सिद्ध होत नाही; त्यात छिद्रं आहेत का, हे महत्त्वाचं. मेंढीच्या आतड्याच्या पातळ पडद्यापासून बनवलेल्या कंडोममध्ये अशी छिद्रं असतात. त्यातून शुक्रजंतू जात नाहीत, पण विषाणू निसटू शकतात. लॅटेक्सचं तसं नाही. साचा पातळ लॅटेक्समध्ये बुडवून वाळवतात आणि पुन्हा बुडवतात. भिंतीला रंगाचा दुसरा हात दिला की पहिल्या हातात राहिलेलं बुजतं, तसंच इथेही होतं.

हे पडताळून पाहायला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी एक छोटासा विषाणू निवडला : फाय-एक्स-174. हा फक्त जिवाणूंना ग्रासतो, माणसाला त्याचा काही उपद्रव नाही. त्याचा व्यास अवघा 27 नॅनोमीटर, एचआयव्हीच्या पाव भागाहूनही कमी आणि हेपॅटायटिस-बीच्या विषाणूपेक्षाही लहान. (फ्रेडरिक सँगर यांच्या चमूने 1977 मध्ये याच विषाणूचा संपूर्ण डीएनए वाचला होता. संपूर्ण वाचला गेलेला तो पहिलाच डीएनए. विज्ञानात असे चिमुकले जीव किती कामांना पुरे पडतात!) कंडोममध्ये या विषाणूंनी भरलेला द्रव ओतायचा आणि बाहेर काय झिरपलं ते जिवाणूंची साय धरलेल्या बशीवर टाकायचं. एखादा जरी विषाणू आला असेल तरी तो भोवतालचे जिवाणू फस्त करतो आणि त्या जागी नुसत्या डोळ्यांनी दिसणारा स्वच्छ गोल ठिपका उमटतो. म्हणजे विषाणू अक्षरशः बोटाने मोजता येतात. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 470 कंडोमपैकी फक्त 12 मधून विषाणू बाहेर आले, तेही अत्यल्प.

कारखान्यातली परीक्षाही कडक असते. तयार कंडोम धातूच्या साच्यावर चढवून उच्च दाबाची वीज लावतात. रबर विजेला अडवतं. वीज पलीकडे गेली की तो नग बाद. शिवाय प्रत्येक खेपेतले काही नमुने पाणी भरून तपासतात, काही हवा भरून फुगवतात. नेहमीच्या मापाच्या कंडोमने किमान 18 लिटर हवा सहन करावी, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

मग संसर्ग होतो तो का? बहुतेक वेळा वापर चुकतो म्हणून. इथे ब्रूस व्होएलर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचं नाव घ्यायला हवं, कारण ते फारसं कुणी घेत नाही. 1989 मध्ये व्होएलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, खनिज तेलाचा फक्त 60 सेकंद स्पर्श झाला तरी लॅटेक्सची फुगण्याची ताकद सुमारे 90 टक्क्यांनी घटते. बाटलीत निरुपद्रवी दिसणारं तेल रबराची वीणच सैल करतं. खोबरेल तेल, व्हॅसलिन, लोशन यांपैकी काहीही चालत नाही. वंगण हवंच असेल तर ते पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित असलेलं घ्यावं. समलिंगी हक्कांसाठी लढणारे व्होएलर 1994 मध्ये एड्सनेच गेले. त्यांच्या त्या एका मिनिटाच्या प्रयोगाने किती जीव वाचवले असतील, याची नोंद कुठेच होणार नाही.

तेलाखेरीज आणखीही चुका होतात : मध्येच चढवणं, खिशातल्या पाकिटात उष्णतेत महिनोन्महिने ठेवणं, टोकाशी हवा राहू देणं, जास्त सुरक्षा म्हणून एकावर एक दोन घालणं. दोन घातले की घर्षण वाढतं आणि फाटण्याचा धोकाही.

सहज, झटपट उपायांचा मोह मात्र महागात पडतो. नॉनऑक्सिनॉल-9 हे शुक्रजंतुनाशक परीक्षानळीत एचआयव्हीलाही मारत होतं, त्यामुळे त्याच्या जेलवर फार मोठी आशा होती. 2000 साली डर्बनच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत ल्यूत व्हान डाम यांनी आफ्रिका आणि थायलंडमधल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. जेल वापरणाऱ्यांमध्ये संसर्ग कमी तर झाला नाहीच, उलट वारंवार वापरणाऱ्यांमध्ये वाढला होता. ते रसायन योनीच्या नाजूक अस्तरालाच इजा करत होतं. संबंधांनंतर डेटॉलने धुण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आपल्याकडे हे सगळं उघड बोलण्याची वाट रघुनाथ धोंडो कर्वे यांनी पाडली. संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून त्यांची आठवण निघते, पण गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, हे विसरलं जातं. या कामापायी त्यांनी प्राध्यापकी गमावली, आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेचे खटले झेलले. पुढे 1992 पासून सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्याच हाती कंडोमवाटपाचं काम दिलं. मला हा विज्ञानाचाच भाग वाटतो. ‘याशिवाय नाही’ असं गिऱ्हाइकाला ठणकावून सांगता येत नसेल, तर 18 लिटरची चाचणी पास झालेला कंडोम त्या बाईच्या काय कामाचा?

कंडोमच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हर्पिस, सिफिलिसचे व्रण आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू हे झाकल्या न जाणाऱ्या त्वचेतूनही पसरू शकतात. तिथे संरक्षण मिळतं, पण अपुरं. एचपीव्हीवर आता पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लस आहे. ती संबंध सुरू होण्यापूर्वी, शक्यतो 9 ते 14 या वयात दिली तर उत्तम. लस विषाणूच्या चारच प्रकारांवर असल्याने पुढे गर्भाशयमुखाची तपासणी सुटत नाही. गनोरिया, क्लॅमिडिया अनेकदा लक्षणांवाचून अंगात राहतात, म्हणून शंका आली तर जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जावं किंवा 1097 या मोफत क्रमांकावर विचारावं. आजार निघालाच तर औषध दोघांनीही घ्यावं लागतं. एकानेच घेतलं तर तोच जंतू जोडीदाराकडून परत येतो.