आगबोटीवरचा मुकादम

आपल्या हदगावकडे मोठे पाणी म्हणजे पैनगंगेचे. समुद्र इथून फार लांब. तरीही एकोणिसाव्या शतकात मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर माणसे कशी राबत, हे ऐकले तर मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराला ते परके वाटणार नाही.

‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट मुंबईच्या गोदीत बांधली गेली. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची तिच्यात सोय होती आणि एडनचा पल्ला अकरा दिवसांचा! मग उतारूंच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरला. एडनला लागली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. सुएझला पोचायला ३३ दिवस लागले. त्यांतले १२ दिवस वाटेत थांबण्यात गेले, तेही मुख्यतः कोळसा चढवण्यासाठी. बोट वाफेवर चालते म्हणायचे, पण तो कोळसा उचलणार माणूसच.

पुढे पी. अँड ओ. कंपनीच्या मोठ्या बोटी आल्या. त्यांच्या पोटात भट्ट्या. भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला, कोठारातून कोळसा ओढून आणणारा तो कोयलावाला. चार तास पाळी, आठ तास विश्रांती, परत चार तास. निखारे ढवळायचे, राख उपसायची. तांबड्या समुद्रात तर वरच्या डेकवरचे उतारूही उकाड्याने हैराण होत, मग खाली भट्टीपुढे उभ्या असलेल्यांचे काय? डेकवर कोकणचे खलाशी असत, वाढपी गोव्याचे, आणि संडास-झाडलोटीला वेगळा माणूस, ‘टोपास’. गाव सोडले, किनारा सोडला, तरी कामाची उतरंड बोटीवर चढलीच.

या सगळ्यांवर सारंग. तोच आपल्या मुलखातून माणसे गोळा करी, तोच कामाला लावी, आणि नोकरी मिळवून दिल्याबद्दल पगारातून आपला वाटा घेई. साहेबाचा हुकूम त्याच्याच तोंडून येई. आपल्याकडे टोळीचा मुकादम असतो, तसाच हा. खलाशी कर्जात असला तर पुढच्या सफरीलाही त्याच सारंगाच्या दारात.

पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. राहण्याच्या जागेचे मापही कायद्याने ठरलेले होते. गोऱ्याला ७२ घनफूट, हिंदी खलाशाला ३६. म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच.