चार घरांचा धंदा

इंदूरहून उज्जैनकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर सांवेर लागतं. तहसिलीचं गाव, भोवती सोयाबीन-बटाट्याची शेती, आणि लांबून माणसं येतात ते उलट्या हनुमानाच्या दर्शनाला. अशा गावात घरगुती मदतीची छोटी सेवा सुरू करायची तर काय काय लागेल, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. धुणीभांडी, पोळ्या, गळका नळ, पंखा पुसणं, आजाऱ्याजवळ बसणं, सगळं एका फोनवर. या विषयावरचे सल्ले सगळीकडे सारखेच असतात: भांडवल किती, नोंदणी कुठे, जाहिरात कशी. पण हा धंदा जुना आहे आणि तो आजही पाटी न लावता चालतो, हे त्या सल्ल्यांत कुठेच नसतं. चार घरं धरणारी प्रत्येक बाई हा धंदा करतेच आहे. तिनं तो कसा बसवला ते न पाहता नवं दुकान काढणं मला पटेना. म्हणून सांवेरच्या प्रश्नाचं उत्तर मी पुण्यात शोधलं. हा धंदा तिथे 1980 साली रस्त्यावर उतरून बोलला होता.

आधी काम पाहू. आमच्याकडे येणाऱ्या मावशी दारात चपला काढतात तेव्हाच त्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्यांदा मोरीत जाऊन दुधाचं पातेलं आणि कुकरचं भांडं पाण्यानं भरून ठेवायचं. ते भिजेपर्यंत केर. केर काढतानाच कालची सुकलेली भांडी जाळीतून उचलून फडताळात लावायची, म्हणजे आजच्या भांड्यांना जागा होते. मग घासायला बसायचं ते पेल्यांपासून. तेलकट कढई शेवटी, नाहीतर घासणीचं तेल सगळ्या भांड्यांना लागतं. भांडी निथळत असताना फरशी, आणि तीही आतल्या खोलीपासून दाराकडे, म्हणजे ओल्यावर परत पाय पडत नाही. पाऊण तासात घर उरकतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि याचं प्रमाणपत्र कुठे मिळत नाही. पण त्यांच्याऐवजी दुसरं कुणी आलं की याच कामाला दीड तास लागतो, आणि कौशल्य कुठे होतं ते तेव्हा कळतं.

दर ठरवण्याची रीतही तितकीच घोटून तयार झालेली आहे. घड्याळ इथे चालत नाही. भांडी, धुणं, केर-फरशी, पोळ्या ही वेगवेगळी कामं. प्रत्येकाचा महिन्याचा दर वेगळा, आणि तो घरात माणसं किती यावर वर-खाली होतो. मशीन असेल तर धुण्याचा दर उतरतो, लहान मूल असेल तर चढतो. नव्या इमारतीत पहिलं घर ओळखीनं मिळतं. दुसरं त्याच जिन्यावर मिळालं तर चालणं वाचतं, म्हणून बाई लांबच्या जास्त पैशांच्या घरापेक्षा शेजारचं कमी पैशांचं घर पत्करते. सगळ्यांना सकाळी आठ ते दहाच हवी असते, तेव्हा सकाळचं घर महाग आणि दुपारचं स्वस्त. लेखी काहीच नाही, तरी एका वस्तीतले दर एकमेकींना पाठ असतात.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अडवून धरलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरनं. ‘कालनिर्णय’ 1973 पासून मराठी घरात आहे. त्याच्या तारखांच्या चौकोनांत सणवार आणि चतुर्थ्या छापलेल्या असतात, आणि उरलेल्या जागेत घरची बाई पेन्सिलीनं दोन गोष्टी टिपते: दूध किती घेतलं आणि कामवालीचा खाडा. महिन्याअखेरी हिशेब त्यावरून होतो. हे हजेरीपुस्तकच आहे, पण ते एकाच बाजूच्या हातात आहे. खाडा लिहिला जातो. पाहुणे आले, भांडी दुप्पट पडली, मावशी तासभर जास्त थांबल्या, ते कुठल्याच चौकोनात उतरत नाही. आणि ज्यांच्याबद्दल हे पुस्तक आहे त्यांच्याकडे त्याची प्रत नसते. माझ्या मते या धंद्याची सगळी गाठ इथे आहे.

1980 साली पुण्यात ठिणगी पडली ती आजारपणाच्या खाड्यावरूनच. आजारी पडून काही दिवस न आलेल्या एका बाईला कामावरून काढलं, आणि आसपासच्या बायकांनी मिळून काम बंद केलं. कोणी पुढाऱ्यानं हाक दिलेली नव्हती. संघटना त्यानंतर उभी राहिली. पुणे शहर मोलकरीण संघटनेच्या मागण्यांत पगारवाढ होती, तशीच महिन्याला भरपगारी सुट्टी होती आणि दिवाळीला एक पगार बोनस होता. मध्यमवर्गीय वस्त्यांतून या बायकांचे मोर्चे निघाले. लाल निशाण पक्षाच्या लीलाताई भोसले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे काम पुढे वर्षानुवर्षं नेटानं चालवलं. नागपूरला विदर्भ मोलकरीण संघटनेचं काम डॉ. रूपा कुलकर्णी यांनी उभं केलं; त्या संस्कृतच्या प्राध्यापक होत्या. आज पुण्यात दिवाळीचा बोनस जितक्या घरांतून न मागता मिळतो, तितक्या घरांत या चळवळीची आठवण कुणाला नसेल. मला ही कामगिरी फार मोठी वाटते. कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून संप करता येतो. इथे प्रत्येकीचा मालक वेगळा, फाटक वेगळं, आणि उद्या सकाळी त्याच घरात एकटीनं जायचं.

कायदा सावकाश आला. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम 2008 चा. 18 ते 60 वयाच्या घरकामगारांची नोंदणी, ती दर वर्षी नवी करायची. 2021 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांत सरकारनं नोंदीत घरकामगारांना 1,500 रुपये जाहीर केले, तेव्हा नोंद नसलेल्या आणि नूतनीकरण राहून गेलेल्या बायकांच्या वाट्याला काही आलं नाही. नोंदणीसाठी काम करत असल्याचा दाखला लागतो, आणि तोही मालकानंच द्यायचा. म्हणजे पुन्हा कागद त्याच बाजूला. मध्य प्रदेशानं 2009 च्या सुमारास शहरी घरकामगार महिलांसाठी योजना आणली होती. सांवेरच्या माणसानं तिचं आज काय उरलंय ते तहसील कचेरीत जरूर विचारावं. कर्नाटक, केरळ, राजस्थान, तमिळनाडू या राज्यांनी घरकामाला किमान वेतन लावलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 च्या 189 क्रमांकाच्या कराराच्या बाजूनं भारतानं मत दिलं, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. 29 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला सांगितलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये अ‍ॅपवरून घरगुती सेवा देणाऱ्या अर्बन कंपनीनं मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवण्याची सेवा काढली, सुरुवातीचा दर तासाला 49 रुपये. ‘इन्स्टा मेड्स’ या नावावर टीका झाली, मग ते ‘इन्स्टा हेल्प’ झालं. नाव बदललं, पण महिन्याच्या बोलीच्या जागी तास बसला तो बसलाच. मावशींनी पाऊण तासात उरकण्याचं जे कौशल्य कमावलं, त्याचा फायदा महिन्याच्या दरात त्यांना मिळत होता: हात भरभर चालला की एक घर जास्त धरता येई. तासाच्या दरात तो फायदा गिऱ्हाइकाचा होतो. आणि भिंतीवरचं कॅलेंडर आता फोनमध्ये गेलं, गिऱ्हाइकानं दिलेल्या ताऱ्यांच्या रूपात. याच कंपनीच्या ब्यूटीशियन बायकांनी 2021 साली गुरुग्राममध्ये निदर्शनं केली. त्यांच्या तक्रारींत कमिशन होतं आणि ताऱ्यांवरून काम तोडलं जाण्याची भीतीही होती.

आता सांवेर. तिथे पंधरा मिनिटांचं अ‍ॅप इतक्यात येणार नाही, म्हणून छोट्या सेवेला खरी संधी आहे. अडचणीही आहेत. तालुक्याच्या गावात माणसं एकमेकांना ओळखतात, आणि ज्याला त्याला आपली बाई आपणच शोधता येते. मधल्या माणसाला पैसे का द्यावेत हा पहिला प्रश्न. शहरातल्या एजन्सी नोंदणी शुल्क आणि वर महिन्याचा पगार घेतात, तो रिवाज इथे टिकायचा नाही. दुसरं म्हणजे जात. कोणाच्या हातची पोळी चालेल आणि कोणी फक्त अंगण झाडायचं, हे लहान गावात अजून विचारलं जातं. सेवा काढणाऱ्यानं ते गिऱ्हाईक नाकारण्याची तयारी पहिल्या दिवशीच ठेवली पाहिजे, कारण एकदा चालवून घेतलं की तोच नियम होतो. तिसरं, पेरणी आणि काढणीच्या दिवसांत बायका शेतावर जातात आणि गावात हात मिळत नाहीत.

पण सगळ्यांत अवघड आहे तो खाडा. समजा पाच बायका घेऊन सुरुवात केली आणि पुण्यातल्या मागणीप्रमाणे भरपगारी सुट्ट्या दिल्या, महिन्याला दोन. महिन्याचे दहा दिवस कुणीतरी बदली जायला हवं. त्यात आजारपण, माहेरची लग्नं, मुलांच्या परीक्षा धरल्या तर पंधरा होतात. म्हणजे सहावी बाई लागते, आणि तिला कायमचं घर देता येत नाही. तिचा पगार कुठून? एक वाट अशी की पाचही जणींच्या घरांकडून दर थोडा चढा घ्यायचा आणि स्पष्ट सांगायचं की बाई आली नाही तरी काम अडणार नाही, त्याचे हे पैसे आहेत. गिऱ्हाईक मधल्या माणसाला पैसे देईल तर याच एका गोष्टीसाठी देईल, असं मला वाटतं; बाई तर ते स्वतःच शोधू शकतं. उरलेले पंधरा दिवस सहावीनं सुटी कामं करायची: माळे साफ करणं, गाद्या उन्हात टाकणं, दिवाळीची झाडलोट, पापड-कुरडया, बाळंतिणीच्या घरी आठवडाभर. या कामांचा दर महिन्याच्या कामापेक्षा चांगला मिळतो, म्हणून सहावी ही नवखी नको, सगळ्यांत तरबेज हवी. आणि हजेरीची वही दोन प्रतींत: एक घरात, एक बाईच्या पिशवीत, तिच्यात खाड्याच्या शेजारी जादा कामाचा रकाना. ही वही गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत दाखवावी. काही घरं नाही म्हणतील. पहिल्या वर्षी अशी किती घरं सोडणं परवडेल, हे त्या दहा-पंधरा दिवसांच्या हिशेबावर ठरेल, आणि तो हिशेब कर्जाच्या अर्जाआधी करायचा आहे.