‘मला कुठं जमतंय!’

माझी मुलगी सातवीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी वर्गातून एक नाव द्यायचे होते आणि बाईंनी हिचे नाव पुढे केले होते. संध्याकाळी त्या बाई मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, “अहो, तुमची मुलगी काही केल्या तयार होईना. ‘मला कुठं जमतंय! दुसऱ्या कुणाला तरी घ्या,’ एवढंच धरून बसली.” सांगता सांगता त्यांनी तिची नक्कलही केली. मान किंचित कललेली, ओठांवर ओशाळे हसू आणि हात असा झटकलेला, की जणू अंगावरची माशीच उडवली.

मी पाहतच राहिले. ती नक्कल मुलीची नव्हतीच, माझी होती!

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या आजीचा आणि आईचा नावानिशी उल्लेख आहे. लोईस आणि युनीके. त्यांचा विश्वास या मुलात उतरला, असे पौल मोठ्या कौतुकाने सांगतो. आमच्या स्त्रियांच्या सभेत या उताऱ्यावर मी कितीदा तरी प्रवचने ऐकली होती. पण आईकडून मुलांत विश्वास उतरतो तशा सवयीही उतरतात, हे त्या दिवशी भाजीची पिशवी हातात धरून उभी असताना मला कळले.

माझी ही सवय जुनी. मी परिचारिका. नोकरीच्या चौथ्या वर्षी आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी मला पुढच्या शिक्षणासाठी पाठवायचे ठरवले. मी तीन वेळा नाही म्हटले. इंग्रजी कच्चे, गाव परके, आपल्या हातून काय होणार! शेवटी माझ्याच बरोबरीची एक मुलगी गेली. ती माझ्याहून हुशार होती असे नाही, पण ती ‘बरं’ म्हणाली. पुढे अकरा वर्षे मी तिच्या हाताखाली काम केले आणि मनात तिच्यावर राग धरला. या सगळ्यात मला अधिक लाज वाटते ती या रागाची.

आणि गंमत अशी, की या सवयीबद्दल मला कोणी कधी बोल लावला नाही. उलट वाहवाच झाली! “किती नम्र आहे हो,” असे पाळकसाहेबांच्या पत्नी चारचौघींत म्हणत. आम्ही बायका देवळात पुढच्या बाकांवर बसायचे टाळतो, प्रार्थना करायला सांगितले की शेजारणीला कोपराने ढोसतो आणि याला नम्रता म्हणतो. भीती नम्रतेचे लुगडे नेसून आली, की तिला कोणी ओळखत नाही.

आमच्या मंडळीत एक वृद्ध मावशी होत्या. (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना ‘मंडळी’ म्हणतो.) खेडोपाडी पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात त्यांची सारी हयात गेली होती. मुलीची हकीकत मी त्यांना रडत रडत सांगितली. त्यांनी सांत्वन वगैरे काही केले नाही. “शास्त्र काढ,” म्हणाल्या, आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तीन चाकरांचा दृष्टांत वाचायला लावला.

दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असेल. धनी परदेशी जाताना एका चाकराला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक थैली रक्कम देऊन जातो. पहिले दोघे ती दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. माझी नेहमीची समजूत अशी, की बिचाऱ्याला मिळालेच थोडे, तो तरी काय करणार? पण मूळ ग्रीकात तिथे ‘तालांत’ हे वजन आहे. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. आठवड्यातून सहा दिवस राबणाऱ्या माणसाची जवळजवळ वीस वर्षांची कमाई त्या ‘थोडे’ मिळालेल्या चाकराच्या हाती होती!

“त्यानं चोरी केली का?” मावशींनी विचारले.

“नाही.”

“उधळले?”

“नाही. जसेच्या तसे परत केले.”

“मग धनी का रागावला? आणि तो चाकर कारण काय सांगतो ते बघ.”

मी पाहिले. तो सांगतो, की मी भ्यालो.

मावशींनी मग मला एक चाळीस पानी वही घ्यायला सांगितली. महिनाभर जेव्हा जेव्हा तोंडून ‘नाही’ जाईल, तेव्हा ते लिहायचे आणि पुढे खरे कारण लिहायचे. “खरं हो! देवाला सांगतेस तसं. मला दाखवू नकोस.”

महिन्याअखेर एकवीस ‘नाही’ भरले. त्यांतले चार चोख होते. दोनदा सासूबाईंचे आजारपण, एकदा रात्रपाळी आणि एकदा पायपेटी वाजवायला सांगितले होते, जी मला खरोखरच येत नाही. उरलेल्या सतरांपैकी बारांपुढे माझ्याच अक्षरात ‘लोक हसतील’ असे लिहिलेले होते. कोणते लोक? आठवून पाहिले तर एकही नाव सांगता येईना.

याचा अर्थ बायकांनी येईल ते काम अंगावर घ्यावे, असा कोणी करून घेऊ नये. आधीच आपल्या पाठीवर काय कमी ओझे आहे? मार्थेला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवावे लागले होतेच. पण थकल्यामुळे म्हटलेले ‘नाही’ आणि भ्याल्यामुळे म्हटलेले ‘नाही’ यांची जात वेगळी, आणि वहीत लिहिल्यावाचून मला ती ओळखू आली नसती.

खरी अडचण काय असते, हे पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकावी म्हणून. पण कानांनी ऐकू कमी येऊ लागले आणि ती वाट बंद झाली. रडून परत येण्यास याहून सबळ कारण कोणते हवे? त्या शिक्षणाकडे वळल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्तीचा संसार उभा केला. दुष्काळातून आलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा तिथल्या छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. त्यांतल्या कितीजणी पहिल्या दिवशी ‘मला कुठं जमतंय’ म्हणाल्या असतील! हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी शास्त्राचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

मला स्वतःला मात्र लक्ष्मीबाई टिळक अधिक जवळच्या वाटतात. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. १९१९ साली रेव्हरंड टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. पुढचे बहुतेक अध्याय बाईंनी लिहिले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. आणि त्यात काय आहे? पानोपानी स्वतःची फजिती! ज्या हसण्याला मी जन्मभर भ्याले, ते हसू त्यांनी आपण होऊन वाचकांच्या ओंजळीत घातले.

त्याच वर्षी स्त्रियांच्या सभेला खजिनदार हवी होती. माझे नाव निघाले. हात झटकायला वर गेला होता, तो मी मांडीखाली दाबून ठेवला आणि ‘बरं’ म्हटले. घरी येईपर्यंत छातीत धडधडत होते.

वर्षाअखेर उपकारस्तुतीच्या आधी हिशेब मांडला तर पंचेचाळीस रुपयांचा मेळ बसेना. दानार्पणाच्या पावत्या तीनदा तपासल्या. जे होईल म्हणून भीत होते तेच झाले. उद्या सगळ्याजणींसमोर उभे राहायचे होते. जुन्या खजिनदारबाईंकडे धावत गेले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, “फरकाला नऊनं भाग जातोय का बघा. जात असेल तर कुठंतरी आकड्यांची उलटापालट झाली असेल.” पंचेचाळीसला भाग जात होता. पण कुठे?

रात्री दहा वाजले. डोळे आंबले होते. मुलगी अंथरुणावरून उठून आली, माझ्या खांद्यावरून वहीत डोकावली आणि म्हणाली, “आई, मी बघू?”

पाच मिनिटांत तिने बोट ठेवले. जुलै महिना, सत्तावीसच्या जागी बहात्तर.

दुसऱ्या दिवशी मी चूक सभेत सांगितली तेव्हा बायका हसल्या. मीही हसले. हिशेब अजून माझ्याकडेच आहे.