पाच महिने उभी राहणारी गाडी

स्टुटगार्टमध्ये उन्हाळ्यात एखादी पोर्शे ९११ शेजारून गेली तर तिच्या नंबरप्लेटकडे जरा नीट पाहा. बऱ्याचदा उजव्या कडेला एकाखाली एक दोन बारीक आकडे दिसतात, वर ०४ आणि खाली १०. एप्रिल ते ऑक्टोबर, एवढेच महिने ही गाडी रस्त्यावर यायची. जर्मनीत अशी हंगामी नंबरप्लेट १९९७ पासून मिळते. हंगाम किमान दोन आणि जास्तीत जास्त अकरा महिन्यांचा घेता येतो आणि करही तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. मात्र हंगाम संपला की गाडी चालवणं सोडाच, सार्वजनिक रस्त्याकडेला नुसती उभी करायचीही सोय नाही. म्हणून ऑक्टोबर संपत आला की हौशी मंडळींची धांदल उडते.

हा सगळा खटाटोप मुख्यतः मिठापायी. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या कमानीत, पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतं आणि गंज धरतो. शिवाय स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर साधारण सात अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडू लागतात. रस्त्यावर बर्फ असेल तर योग्य टायरांशिवाय गाडी काढायला कायद्यानेच मनाई आहे.

तयारीची सुरुवात धुण्यापासून होते, तीही वरवरच्या नव्हे. खालून पाण्याचा जोरदार फवारा, चाकं आतून-बाहेरून साफ, मग मेणाचा हात. धुतल्यावर गाडी तशीच गॅरेजात ढकलायची नाही. ब्रेकच्या ओल्या डिस्क न पुसलेल्या लोखंडी तव्यासारख्या एका रात्रीत तांबूस होतात, म्हणून चार-सहा किलोमीटर फिरून, ब्रेक मारत त्या कोरड्या करायच्या. दाराच्या रबरी पट्ट्या थंडीत चिकटू नयेत म्हणून जुनी माणसं त्यांच्यावर हरणाच्या चरबीची कांडी फिरवतात. आता सिलिकॉनचे स्प्रे आले, पण ती कांडी अजून विकली जाते.

इंजिन ऑईल थंडीआधी बदलायचं की नंतर, यावर गॅरेजवाल्यांत आणि मालकांत दरवर्षी वाद रंगतो. माझं मत सरळ आहे: आधी. वापरलेल्या ऑईलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाण्याचा अंश असतो. तो पाच महिने बेअरिंगांना लावून ठेवण्यात कसला शहाणपणा? कूलंट उणे तापमानात टिकेल असा आहे ना, तेही तपासून घ्यावं. टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवेला आणि पर्यायाने दमटपणाला जागा राहत नाही. पेट्रोल शक्यतो कमी इथेनॉलचं घ्यावं, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं.

एकाच जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. म्हणून हवा नेहमीपेक्षा अर्धा-एक बार जास्त भरतात. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर पॅड आणि डिस्क एकमेकांना धरून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना उटी लावायची.

खरी गंमत बॅटरीची. आजच्या गाडीत अलार्म, कुलपं, घड्याळ, नाना कंट्रोल युनिट झोपेतही थोडा थोडा करंट खात असतात आणि काही आठवड्यांत बॅटरी उतरते. भरलेल्या बॅटरीला जर्मनीतली थंडी काही करत नाही. पूर्ण उतरलेली मात्र शून्याखाली थोडक्या अंशांतच गोठू शकते. त्यावर उपाय म्हणजे सतत जोडून ठेवायचा छोटा स्मार्ट चार्जर. २००४ साली आलेल्या ९९७ पिढीच्या ९११ मध्ये तर आणखी फजिती होते. बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीची कडी विजेवर, म्हणजे बॅटरी मेली की तिच्यापर्यंत पोहोचायची वाटच बंद! मग ड्रायव्हरच्या पायाजवळची फ्यूजपेटी उघडायची, त्यातला लाल टोक असलेला तुकडा बाहेर ओढायचा, त्याला दुसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह लावायचा आणि निगेटिव्ह दाराच्या धातूच्या भागाला. त्यातून गाडी लॉक असेल तर वीज मिळताक्षणी अलार्म बोंबलू लागतो आणि सगळ्या गल्लीला बातमी कळते.

आच्छादन हवा खेळू देणारं, कापडी हवं. प्लास्टिकचा कागद टाकला की घाम आत कोंडतो. आपल्याकडे पावसाळ्यात प्लास्टिकखाली गुंडाळलेल्या गाड्या ऑगस्टमध्ये उघडल्यावर सीटवर बुरशी दिसते, ती याच कारणाने. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनीशहरं आहेत. ऋतू वेगळे असले तरी दमटपणाचा उपद्रव दोन्हीकडे सारखाच. कापडी टपाची गाडी असेल तर टप कोरडा करून, चढवून ठेवायचा. दुमडून ठेवला की घड्या कायमच्या पडतात. उंदरांपासून सावध राहावं. सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी लावतात, फक्त ती काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतात.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र प्रेमापोटी होतं. दर रविवारी गॅरेजात जाऊन ‘जरा पाच मिनिटं चालू करून बघतो’ म्हणणारे बरेच असतात. थंड इंजिन पाच मिनिटं चालवलं की ज्वलनातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये साचतं आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता येण्याआधीच इंजिन बंद होतं. स्टार्टरने बॅटरीतून घेतलेलं तेवढ्यात भरूनही येत नाही. त्यापेक्षा हात लावू नये, हेच उत्तम.

एप्रिल उजाडला तरी लगेच किल्ली फिरवायची घाई नको. रस्त्यावरचं मीठ धुऊन नेणारा एखादा चांगला पाऊस होऊ द्यावा. मग जाळी काढायची, टायरची हवा पूर्ववत करायची, जमिनीवर कशाचा डाग पडलाय का ते वाकून पाहायचं आणि ब्रेक ऑईलला दोन वर्षं होऊन गेली असतील तर तेही बदलून घ्यायचं. पहिले काही ब्रेक करकरतात, तो डिस्कवरचा पातळ गंज. ऑईल तापेपर्यंत पाय हलकाच ठेवायचा, मग पुढचा घाटरस्ता आपलाच.