दम कमी म्हणून अंतर कमी?

हिवाळी ऑलिंपिकमधल्या क्रॉस-कंट्री स्कीइंगचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "रिलेत पुरुष दहा-दहा किलोमीटर जातात, बायका पाच-पाच. तेवढाच दम असतो त्यांना!" यातले आकडे 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेव्हाही खोटा होता आणि तो इतक्या ठामपणे सांगितला जातो, याची चीड येते.

शर्यतीचं अंतर समिती ठरवते, फुप्फुसं नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं क्रॉस-कंट्री 1924 पासून आहे. महिलांना पहिली शर्यत मिळाली ती 1952 साली ऑस्लोत, तीही 10 किलोमीटरची एकच. महिलांची रिले 1956 मध्ये कोर्तिनाला सुरू झाली. तीन जणी, प्रत्येकी 5 किलोमीटर. फिनलंडने ती जिंकली. चौथी खेळाडू ऑलिंपिकमध्ये आली 1976 ला. हे सगळे परवानगीचे टप्पे आहेत, क्षमतेचे नव्हेत.

क्षमतेचा पुरावा हवा असेल तर स्वीडनच्या वासालोपेट या सुमारे 90 किलोमीटरच्या शर्यतीचा इतिहास बघा. 1923 मध्ये मार्गिट नॉर्डिन ती दहा तासांच्या आसपास पूर्ण करून आली. पुढच्याच वर्षी महिलांना बंदी झाली आणि ती उठली थेट 1981 मध्ये. एका बाईने अंतर पार करून दाखवल्यावर दार बंद झालं, हे 'दम नाही' म्हणणाऱ्यांनी जरा शांतपणे वाचावं.

मे 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या क्रॉस-कंट्री समितीने 57 टक्के मतांनी स्त्री-पुरुषांची अंतरं समान केली. विश्वचषकात त्याच वर्षीच्या हंगामापासून हा बदल लागू झाला, ऑलिंपिकमध्ये 2026 पासून. रिलेचा टप्पा आता दोघांनाही साडेसात किलोमीटरचा. म्हणजे महिलांचा अडीचने वाढला आणि पुरुषांचा अडीचने घटला! पुरुषांचा दम कमी झाला म्हणून घटला, असं कोणी म्हणत नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांमध्ये महिला प्रथमच 50 किलोमीटर धावल्या त्या 2025 ला ट्रॉनहाइममध्ये. फ्रिडा कार्लसन जिंकली, तेरेसे योहाउग दुसरी आली.

अव्वल पुरुषांचा वेग अव्वल महिलांपेक्षा जास्त असतो, हे खरंच आहे. पण वेग कमी असेल तर तेच अंतर कापायला वेळ जास्त लागतो, म्हणजे कस उलट जास्त वेळ लागतो. वेगातल्या फरकातून सहनशक्तीची कमतरता सिद्ध होत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. स्कीइंग म्हणजे नुसतं उतारावरून घसरणं नव्हे: क्रॉस-कंट्रीच्या मार्गाचा साधारण तिसरा हिस्सा चढाचा असतो. रिलेत बॅटन नसते. ठरलेल्या पट्ट्यात पुढच्या खेळाडूच्या अंगाला हाताने स्पर्श करायचा. चौघींची शैलीही एक नसते: पहिल्या दोघी आखलेल्या समांतर चरांतून क्लासिक शैलीने जातात, शेवटच्या दोघी स्केटिंगसारखे पाय बाहेर ढकलत मुक्त शैलीने.

आणि 'शेवटची खेळाडू शर्यत जिंकून देते' हेही अर्धसत्य. उदाहरण म्हणून सोची, 2014 सांगितलं जातं. स्वीडनची शार्लोट काला फिनलंडच्या 25.7 सेकंद मागे निघाली आणि अर्ध्या सेकंदाने जिंकली. कामगिरी थक्क करणारीच. पण आधीच्या तिघींनी, इंगेमार्सडॉटर, विकेन आणि हागने, ती पिछाडी एका मिनिटाची होऊ दिली असती तर तेवढ्याच वेगाने जाऊनही कालाला जिंकता आलं नसतं. त्याच शर्यतीत योहाउग आणि मारित ब्योर्गेन अशा दोन दिग्गज संघात असूनही नॉर्वे पाचवा आला. बर्फावर त्यांच्या स्की नीट सरकत नव्हत्या आणि पहिल्याच टप्प्यात पडलेलं अंतर शेवटी निघालेल्या ब्योर्गेनलाही भरून काढता आलं नाही.