संस्थेऐवजी शेजार

बौद्धिक अपंगत्व असलेल्या किंवा दीर्घकाळ मानसिक आजाराशी झुंजणाऱ्या व्यक्तीच्या आईवडिलांना एक प्रश्न जन्मभर छळत असतो. आपल्या पश्चात या लेकराचे काय? या प्रश्नाची रूढ उत्तरे दोनच आहेत. एक भावंडाच्या घरातील खोली, दुसरे शहराबाहेरील एखादी संस्था. पहिले उत्तर भावंडाच्या ऐपतीवर आणि मनाच्या मोठेपणावर अवलंबून असते. दुसऱ्यात जेवणखाण, औषधपाणी आणि देखरेख मिळते; परंतु स्वतःच्या दाराची किल्ली, नाक्यावरच्या वाण्याशी ओळख आणि शेजारधर्म या साध्या गोष्टी दुरावतात.

या दोहोंपलीकडचा एक मार्ग काही शहरांनी गेल्या साडेतीन दशकांत चोखाळला आहे. आधाराची गरज असलेले आणि नसलेले भाडेकरू एकाच इमारतीत शेजारीपाजारी राहतात, आणि तेथील भाडे दोघांनाही परवडते, अशी ही घरे. कल्पना ऐकायला सोपी वाटते. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी लागणारी व्यवस्था मात्र समजून घेण्याजोगी आहे.

न्यूयॉर्कमधील जुने हॉटेल

या प्रयोगाचे गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर भागात आहे. १९२२च्या सुमारास बांधलेल्या तेथील एका पंधरा मजली हॉटेलला १९८०च्या दशकात अवकळा आली होती. रोझॅन हॅगर्टी यांनी १९९० साली ‘कॉमन ग्राउंड’ ही संस्था स्थापन केली, पुढल्याच वर्षी हे हॉटेल ताब्यात घेतले आणि त्याचे रूपांतर ६५२ छोट्या घरांत केले. २०१५पासून ही संस्था ‘ब्रेकिंग ग्राउंड’ या नावाने ओळखली जाते.

येथील रहिवाशांची निवड हा या प्रयोगाचा गाभा होता. साधारण निम्मी घरे पूर्वी बेघर असलेल्यांना मिळाली. त्यांत मानसिक आजार किंवा एड्सशी सामना करणारेही होते. उरलेली घरे शहरातील कमी पगाराच्या नोकरदारांना आणि कलावंतांना देण्यात आली. एकाच उद्वाहनातून जाणाऱ्या दोघांपैकी कोण कोणत्या गटातील, हे बाहेरून आलेल्याला कळण्याचे कारण नव्हते.

आधाराची सेवा देणारी संस्था वेगळी होती, आणि तिचे कार्यकर्ते त्याच इमारतीत उपलब्ध असत. घरमालक एक आणि मदतनीस दुसरा, ही विभागणी वरवर किरकोळ भासते, परंतु अशा गृहनिर्माणाचा तोच पाया आहे. पारंपरिक संस्थेत छप्पर आणि सेवा एकाच हाती असतात. तेथील नियम मान्य नसतील तर छप्परही जाते. या पद्धतीत रहिवाशाच्या नावावर इतरांसारखाच भाडेकरार असतो. भाडे भरणे आणि शेजाऱ्यांना उपद्रव न देणे, एवढ्याच त्याच्याकडून अपेक्षा. मदतनीस बदलला, मदत वाढली किंवा नकोशी झाली, तरी घर कायम राहते.

पैशाचे गणित

अमेरिकेत तुटपुंजे उत्पन्न असलेल्या अपंग व्यक्तीला मिळणारे संघराज्य सरकारचे मूळ साहाय्य २०२५ साली दरमहा ९६७ डॉलर होते. मोठ्या शहरात एवढ्या रकमेत महिन्याचे घरभाडेही भागत नाही. म्हणून अशा घरांत रहिवाशाने उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के भाडे द्यावे आणि उरलेला भार सरकारी अनुदानाने उचलावा, अशी रीत आहे.

बांधकामासाठी १९८६च्या करसुधारणा कायद्याने सुरू केलेली करसवलत उपयोगी पडते. खासगी गुंतवणूकदार अशा प्रकल्पात भांडवल घालतात, त्या बदल्यात त्यांना दहा वर्षे करात सूट मिळते, आणि इमारतीला दीर्घकाळ कमी भाड्याचे बंधन पाळावे लागते. निरनिराळ्या उत्पन्नाचे भाडेकरू असल्याने इमारतीचा खर्च एकाच अनुदानावर विसंबून राहत नाही. मिश्र वस्तीचा हा व्यावहारिक लाभ आहे.

प्रमाण किती असावे?

मिश्र वस्तीला कायद्याचेही बळ मिळाले. अपंगांना विनाकारण संस्थेत अलग ठेवणे हा भेदभाव होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ‘ओल्मस्टेड’ खटल्यात दिला. जॉर्जिया राज्यातील मनोरुग्णालयात असलेल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींना समाजात राहता येईल, असे उपचार करणाऱ्यांचेच मत होते. तरीही त्यांची सुटका होत नव्हती. त्यातून हा निर्णय आला.

पुढे २०१०च्या दुरुस्तीनंतर अपंगांसाठीच्या संघराज्य अनुदान योजनेत एक मर्यादा आली. योजनेच्या भाडेसाहाय्याचा लाभ घेणाऱ्या इमारतीत अपंगांसाठी राखीव घरांचे प्रमाण एकचतुर्थांशाहून अधिक असू नये. राखीव जागा वाढवण्याची मागणी ऐकायची सवय असलेल्यांना ही कमाल मर्यादा चमत्कारिक वाटेल. परंतु सगळीच घरे राखीव झाली, तर नव्या रंगात जुनीच संस्था उभी राहते, हे त्यामागील तर्कशास्त्र आहे.

कॅलिफोर्नियातील ‘द केल्सी’ या संस्थेने हेच प्रमाण स्वीकारले. सॅन होजे येथील तिची ११५ घरांची इमारत २०२४ साली, तर सॅन फ्रान्सिस्कोतील ११२ घरांची इमारत २०२५ साली खुली झाली. त्यांतील पाव हिस्सा घरे आधारसेवा घेणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी आहेत. चाकाच्या खुर्चीला पुरेल असा दरवाजा, सहज ओळखू येणाऱ्या खुणा, गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी शांत जागा, अशा सोयींचा विचार आराखड्यातच झाला. रहिवाशांचा परस्परांशी आणि परिसरातील सेवांशी परिचय करून देण्यासाठी कर्मचारीही नेमण्यात आले. भिंतीला भिंत लागली म्हणजे शेजार जुळतोच असे नाही, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. घरे थोडी आणि इच्छुक फार, त्यामुळे प्रतीक्षायादी लांबते. घरात येणाऱ्या मदतनीसाचे वेतन अपुरे असेल, तर माणसे टिकत नाहीत. आणि मदतनीसच नसेल, तर बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशाला ते घर एकांतवासाचे ठिकाण होऊन बसते.

आपल्याकडे काय?

समाजात राहण्याचा हक्क भारतीय कायद्यालाही मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे पाचवे कलम हा हक्क स्पष्ट शब्दांत देते, तर सदतिसावे कलम गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण सांगते. कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे २०१७चा मानसिक आरोग्य कायदा बजावतो.

या दिशेने चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने २०१५ साली ‘होम अगेन’ हा उपक्रम हाती घेतला. वर्षानुवर्षे संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणींनी मिळून सर्वसाधारण वस्तीत भाड्याच्या घरात राहायचे आणि मदतीला स्थानिक साहाय्यक असायचे, असे त्याचे स्वरूप आहे. तमिळनाडूतून तो केरळ, आसाम आणि महाराष्ट्रातही पोहोचला. येथे नवी इमारत बांधावी लागत नाही. आहे त्या गल्लीतले घरच उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील अडचण यापुढे सुरू होते. म्हाडाच्या सोडतीत अपंग अर्जदारांसाठी घरे राखीव असतात, परंतु ती मालकी हक्काने घ्यावी लागतात आणि त्यांच्यासोबत मदतनीस मिळत नाही. संस्थेत मदतनीस असतो, पण स्वतःचे दार नसते. गृहनिर्माण विभागाने भिंती द्यायच्या आणि सामाजिक न्याय, आरोग्य किंवा दिव्यांग कल्याण या विभागांनी माणसे द्यायची, अशी खात्यांची वाटणी असल्याने एका व्यक्तीची गरज दोन फायलींत विभागली जाते. शिवाय भाडेकरारावर सही कोणी करायची, अनामत रकमेची हमी कोणाची आणि सोसायटीने हरकत घेतली तर काय, हे प्रश्न आहेतच. अपंग व्यक्तीला कायदेशीर क्षमता इतरांप्रमाणेच आहे, असे २०१६च्या कायद्याचे तेरावे कलम म्हणते. घरमालकांपर्यंत ते पोहोचलेले नाही.

पुनर्विकासामुळे मुंबई-पुण्यात आज जुन्या चाळी आणि वसाहतींच्या जागी हजारो नवी घरे उभी राहत आहेत. त्यांपैकी सरकारच्या वाट्याला येणाऱ्या घरांतील काही घरे विखुरलेल्या स्वरूपात, भाडेतत्त्वावर आणि मदतनीसाच्या तरतुदीसह देता येतील. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती घराचे वाटपपत्र आणि मदतनीसाच्या वेतनाची मंजुरी एकाच दिवशी रहिवाशाच्या हाती पडेल, अशा व्यवस्थेची.