अणुइंधनाचे उष्णतामान

अणुभट्टीत तापलेल्या इंधनाजवळ मनुष्याला जाता येत नाही. मग त्याचे उष्णतामान कळावे कसे? ‘ट्रिगा’ जातीची पहिली संशोधन-अणुभट्टी १९५८ साली अमेरिकेतील सान दिएगो येथे सुरू झाली. अशा भट्टीतील एखाद्या इंधनकांडीच्या गर्भातच एकेक इंचाच्या अंतराने तीन तपयुग्मे बसवितात. तपयुग्म म्हणजे क्रोमेल व ॲल्युमेल या मिश्रधातूंच्या जोडलेल्या दोन तारा. जोड तापला, की तारांच्या थंड टोकांशी विद्युद्दाब उत्पन्न होतो. तोही किती अल्प! अंशामागे व्होल्टचा सुमारे २५,०००वा भाग. पण तेवढा पुरतो. इंधन अतिशय तापले, तर त्यातील हायड्रोजनच्या दाबाने वेष्टन फुटावयाचे. म्हणून उष्णतामान ठरलेल्या मर्यादेस पोचताच नियंत्रक कांड्या आपोआप खाली पडतात व भट्टी बंद होते.